मदत हवी आहे : गणपतीतल्या ऑनलाइन कोड्यांची काठिण्यपातळी कशी ठरवावी?

मंडळी, जरा घाईची मदत हवी आहे, चतुर्थीला महिनाच उरलाय.

आमचा जुना वाडा पडला, बिऱ्हाडं पांगली, पण व्हॉट्सॲपवर वाडा अजून नांदतोय. साठेक माणसं, वय 11 ते 78. कोणी कोथरूडला, कोणी नागपुरात, एक कुटुंब न्यू जर्सीत. गणपतीचे दहा दिवस रोज रात्री नऊला मी एक कोडं टाकतो, दुसऱ्या दिवशीच्या आरतीपर्यंत उत्तर मला एकट्याला पाठवायचं. पहिली दोन वर्षं निभावलं. गेल्या वर्षी शोभा झाली.

दुसऱ्या दिवशी दडलेले जिल्हे होते. ‘तुम्ही उद्या जाल ना?’, ‘तिला तूरडाळ आवडत नाही’, ‘यंदाही आला ना ग पूर?’ तासभर तरी पुरेल असं वाटलं होतं. चौथ्या मिनिटाला पहिलं उत्तर, साडेनऊपर्यंत तीस. एकदा जालना दिसलं की लातूर आणि नागपूर आपोआप दिसतात. मला ते आधी कळलं नाही, कारण मी जिल्ह्याकडून वाक्याकडे आलो होतो.

पाचव्या दिवशी विचारलं, औटकीच्या पाढ्यात सोळाव्या ओळीला काय येतं? पावकी-निमकी पाठ असलेल्या आजोबांनी जेवता जेवता 56 सांगितलं. औट म्हणजे साडेतीन. पोरांनी औट म्हणजे बाद असं धरलं आणि रात्रभर क्रिकेटचे आकडे धुंडाळले.

खरी फजिती सातव्या दिवशी. कोडं एवढंच : 23-9, 28-1. पहिला आकडा व्यंजनाचा, दुसरा स्वराचा. ब तेविसावा, ल अठ्ठाविसावा, ओ नववा, म्हणून ‘बोल’. (दुसऱ्या दिवशी तबल्यावर कोडं होतं, त्याची ही नांदी.) सहावीतल्या एका मुलीने ‘बैल’ पाठवलं, मी चूक दिलं. रात्री तिच्या आईने पुस्तकातल्या पानाचा फोटो पाठवला. शाळेत आता चौदाखडी आहे, ॲ आणि ऑ मध्ये आलेत, त्यामुळे ए सातवा, ॲ आठवा आणि नववा ऐ. बैल बरोबरच! त्यात पोळा होऊन दहा-अकराच दिवस झाले होते, म्हणजे तिला शंका यायचंही कारण नव्हतं.

तर विचारायचंय ते असं. कोडं टाकण्याआधी ते किती अवघड आहे हे कसं तपासता? मी बायकोला विचारतो, पण तिला माझं डोकं कसं चालतं हे आता पाठ झालंय. दुसरं, इशारा कधी द्यावा? मी सकाळी नऊला देतो, तेव्हा न्यू जर्सीत रात्रीचे साडेअकरा वाजलेले असतात. दिवसभराचं काम उरकून ती मंडळी कोडं घेऊन बसतात न बसतात तोच इशारा हातात.

— वाडेकरी

कोपऱ्यातला कंदील : बैलावर थांबू नका. तुम्ही ‘स्वर’ म्हणालात ना? मग ऋ आणि ऌ पण मोजा. अ आ इ ई उ ऊ ऋ ऌ, आणि नववा ए. उत्तर ‘बेल’! एक कोडं, तीन उत्तरं, तिन्ही मराठी. हा अवघडपणा नव्हे, अडवणूक आहे. आकड्यांमागे अक्षरं आहेत हे ओळखायला लागणारी मेहनत खेळाची. कोडं घालणाऱ्याने कुठली मोजणी धरली हे ओळखायला लावणं अन्यायाचं. शब्दकोड्यात आडव्याचं अक्षर उभ्याने पडताळता येतं, तसं काहीतरी द्या. एक ओळ पुरते : ‘तोंडातही असतो, तबल्यातही’. चुकलेल्याला चुकल्याचं स्वतःला कळलं पाहिजे.

फुकटफौजदार : वहिनींना उगाच काढून टाकू नका. वर्डल हा ऑनलाइन शब्दखेळ बनवणाऱ्या जॉश वॉर्डलने पाच अक्षरी इंग्रजी शब्दांची सुमारे 12,000 ची यादी आपल्या जोडीदारासमोर ठेवली होती. तिला ओळखीचे वाटले ते ठेवून उत्तरांसाठी सुमारे 2,500 शब्द उरले. पण तिला उत्तर माहीत नव्हतं. तुम्ही वहिनींना आधी उत्तर सांगून मग ‘अवघड आहे का गं?’ विचारत असणार. एक शाळकरी, एक चाळिशीतला, एक आजोबा असे तिघं खेळाबाहेर काढा आणि त्यांच्याकडून सोडवून घ्या. उत्तर आलं का, यापेक्षा कुठे अडले आणि चुकीची कुठली उत्तरं आली ते लिहून ठेवा. औटकी मात्र राहू द्या, फक्त नातवंड-आजोबा अशा जोड्या लावा. आणि इशारा घड्याळावर कशाला? जो मागेल त्याला द्या, गुण अर्धे करा. न्यू जर्सीचा प्रश्न मिटला.

कोपऱ्यातला कंदील : त्या मुलीला गुण दिलेत का?

वाडेकरी : दिले, पण विसर्जनाच्या दिवशी. तोवर ती रुसून बसली होती. यंदाच्या तिघांत शाळकरी तीच.

‘बेल’ वाचून मात्र घाम फुटला. आता लक्षात आलं, अ ते ऊ हे पहिले सहा स्वर सगळ्या मोजण्यांत सारखेच आहेत. यंदा सहाच्या पुढे जायचंच नाही. व्यंजनं ङ आणि ञ धरून मोजायची, हेही कोड्याखाली लिहीन. कृपया हे सोडवून बघा, उत्तर इथे न देता किती मिनिटं लागली तेवढंच सांगा :

25-1, 2-1, 27-1
दहा दिवस दिवाणखान्यात, मग वर्षभर माळ्यावर.