ओढ्याचा काठ ढासळतोय, कोणतं गवत लावू?

वारणाकाठ:
नमस्कार मंडळी. आमचं रान ओढ्याला लागून आहे, काळी माती, २०१९ च्या महापुरापासून काठ जो ढासळायला लागलाय तो थांबायचं नावच घेत नाही, पाणी खालून पोखरतं आणि मग वरची दरड एकदम बसते. दगडी पिचिंगचा (काठावर दगड रचून घ्यायचा) खर्च झेपणारा नाही. कुणी वाळा (सुगंधी मुळांचं गवत, खस) लावा म्हणतं कुणी देवनळ (बांबूसारखं उंच गवत), शेजारच्या तळ्यात पाणकणीस माजलंय ते तर फुकट मिळेल. एकदा लावलं की वर्षानुवर्षं टिकेल असं काहीतरी हवंय पण उसात घुसायला नको. दोन म्हशी आहेत, वैरण झाली तर सोन्याहून पिवळं.

काळी_माती:
वाळाच लावा दादा. बाकीच्या गवतांची मुळं आडवी पसरतात, याची सरळ खाली जातात, चांगल्या मातीत ३-४ मीटर, त्यामुळे माती शिवल्यासारखी धरून ठेवतो. पुरात बुडाला तरी तग धरतो. फक्त ठोंब (मुळांसकटचे झुपके) घेताना विचारून घ्या, लागवडीचा दक्षिणेकडचा वाळा असतो त्याला रुजणारं बी धरत नाही, तो लावला तिथेच राहतो, उत्तरेकडचा रानटी मात्र बियांनी पसरतो. कर्नाटकात गुंडलुपेटकडे शेतकरी पूर्वीपासून शेताच्या हद्दीला हाच लावत आलेत, हद्द हलत नाही म्हणूनच.
लावायची पद्धत: जून-जुलैत ठोंब फोडायचे, २-३ फुटव्यांचा एक, पाला वीतभर ठेवून छाटायचा, मुळं पण छाटायची, आणि ओळीत १०-१५ सेमीवर लावायचे. अंतर जास्त ठेवलंत तर मधून पाणी वाट काढणार. उताराला आडव्या, काठाला समांतर अशा दोन-तीन ओळी घ्या. झाडाच्या दाट सावलीत लावू नका, ऊन लागतंच त्याला.

पाणथळप्रेमी:
वरच्या काठाला वाळा बरोबर आहे पण जिथे पाणी कायम टेकतं तिथे देवनळाचा विचार जरूर करा. त्याची जमिनीतली खोडं मातीत जाळं विणतात आणि दाट ताटांमुळे पाण्याचा वेग काठाशी मोडतो, गाळ तिथेच बसतो. मुनिया, वटवट्या असल्या पक्ष्यांना तर ते घरच. अट एकच, ओढा रुंद पाहिजे. अरुंद ओढ्यात नळ माजला तर पाणी तुंबून समोरचा काठ कापला जाईल आणि शेजाऱ्याशी भांडण. उसाच्या कडेलाही नको, खालून सरकत येतो.
पाणकणीस नका नेऊ हो. ते गवतच नाही मुळात, वेगळं कुळ आहे, एका कणसात लाखो बिया असतात आणि वाऱ्यावर उडतात, सगळा ओढा भरून जाईल. त्या तळ्यातलं कमी करायचं असेल तर पाण्याखाली कापायला सांगा, खुंट पाण्यात बुडालेले राहिले पाहिजेत, खुंटातून गड्ड्यांना हवा मिळत नाही मग ते कुजतात. पण सगळं काढू नका, जांभळ्या पाणकोंबड्या त्यातच घरटी करतात.

वारणाकाठ:
ओढा अरुंदच आहे, म्हणजे नळ बाद. वाळ्याच्या मुळांना अत्तरवाले पैसे देतात असं ऐकलं, दोन वर्षांनी मुळं काढून विकली तर चालतील का?

काळी_माती:
काठावरची अजिबात काढू नका!! तेलासाठी दीड वर्षात खोदतात तो वाळा सपाट शेतातला. काठावर मुळं म्हणजेच बांध, ती उपटली की भोकं पडली आणि पहिल्याच पुरात आत्ता आहे त्याच्या दुप्पट माती जाईल. पैशासाठी लावायचा तर वेगळा तुकडा सपाटीला करा.
वैरणीचं म्हणाल तर कोवळा पाला म्हशी खातात, जून झाला की पानाची कड धारदार होते मग तोंड लावत नाहीत. अधूनमधून गुडघाभर उंचीवर विळ्याने कापत राहा, फुटवे वाढून ओळ लवकर सांधते. आणि पहिले दोन महिने पावसाने ताण दिला तर पाणी द्या, तेवढं जपलं की पुढे मेहनत नाही.

पाणथळप्रेमी:
वैरणीसाठी कुणी पॅराग्रास सुचवेल, दलदलीत जोरात येतं आणि जनावरं आवडीने खातात हे खरं, पण कांड्याकांड्याला मुळं फुटतात आणि पाण्यात पसरत जातं. म्हशींसाठी लावाच, पण ओढ्यापासून लांब, जनावरं धुतल्याचं पाणी जातं तिथे.