किरणोत्सव खरंच 'सरकलाय' का? पृथ्वीचा आस, इंग्रजी तारखा आणि समोरच्या इमारती

मंगळवारपेठकर

नोव्हेंबर जवळ आला की कोल्हापूरच्या अंबाबाईच्या किरणोत्सवाचे, म्हणजे मावळतीची किरणं दारांतून थेट मूर्तीवर पडण्याच्या सोहळ्याचे, तेच मेसेज पुन्हा फिरायला लागतात. आत्ता एकाच मेसेजमध्ये तीन दावे आलेत. पहिला : पृथ्वीचा आस कलल्यामुळे किरणं आता मुखापर्यंत जात नाहीत, आणि पुरावा म्हणून २००४ च्या सुमात्रा भूकंपाचं नाव. दुसरा : हा सोहळा मुळात तिथीचा, म्हणजे रथसप्तमीचा, इंग्रजी तारखांना बांधला म्हणून चुकतोय. तिसरा : सूर्य असा दाराच्या रेषेत येणं जगात दुसरीकडे कुठं शक्यच नाही.

श्रद्धेबद्दल मला काही विचारायचं नाही. पण ९, १०, ११ नोव्हेंबर आणि ३१ जानेवारी, १, २ फेब्रुवारी याच तारखा का? किरणं चरणांपासून वर का चढतात? आणि नोव्हेंबरात पावणेसहाच्या सुमारास होणारी गोष्ट फेब्रुवारीत सव्वासहाला का होते? जाणकारांनी आकड्यांसकट सांगावं.

ओळंबा

चढण्यापासून सुरू करतो, कारण सगळ्या वादाची किल्ली तिथंच आहे.

सूर्य मावळतीला असताना किरण जवळजवळ आडवे येतात, पण पूर्ण आडवे नाही. सूर्य क्षितिजाच्या ३ अंश वर असेल तर १०० मीटर आडव्या अंतरात किरण सव्वापाच मीटर खाली उतरतो. आता लांब रांगेतली दारं डोळ्यांसमोर आणा : महाद्वार, गरुड मंडप, पितळी उंबरा, गाभारा. दाराची वरची पट्टी जास्तीचा प्रकाश कापते. उदाहरणापुरतं धरा, पट्टी मूर्तीच्या पायापेक्षा ३ मीटर उंच आणि मूर्तीपासून ६० मीटर लांब आहे. सूर्य ३ अंशांवर असताना पट्टीखालून आलेला किरण ३.१ मीटर उतरतो, म्हणजे मूर्तीआधीच जमिनीला टेकतो. सूर्य २ अंशांवर आला की उतार २.१ मीटरचा होतो आणि प्रकाशाची वरची कड पायापासून ९० सेंटिमीटरवर जाते. सूर्य खाली, किरण वर. चरण, कंबर, मुख हा क्रम दर संध्याकाळी असाच घडणार.

वेग किती? आपल्या अक्षांशावर या दिवसांत सूर्य मिनिटाला साधारण ०.२३ अंश उतरतो. ६० मीटरवर याचा अर्थ मिनिटाला २४ सेंटिमीटर चढ. मूर्ती सुमारे तीन फुटांची, त्यामुळं पायापासून मुखापर्यंत जेमतेम चार मिनिटं. सगळा सोहळा या चार मिनिटांचा आहे, आणि त्यातलं शेवटचं मिनिट मुखाचं. मुखापर्यंत जायला सूर्य सर्वांत खाली यावा लागतो, आणि नेमक्या त्याच उंचीवर समोरची गच्ची, पाण्याची टाकी, सोलर हीटर किंवा होर्डिंग उभं असतं.

सूर्यबिंबाची रुंदी अर्ध्या अंशाहून किंचित जास्त, ०.५३ अंश. १०० मीटरवर एवढी जागा झाकायला ९३ सेंटिमीटरचा अडथळा पुरतो, ५० मीटरवर ४६ सेंटिमीटर. म्हणजे रेषेत आलेली एक मीटर उंचीची टाकी अख्खं बिंब गिळते आणि सव्वादोन मिनिटं खाते. चारातली सव्वादोन गेली, तर किरणं गुडघ्या-कंबरेपर्यंत येऊन थांबणारच. यासाठी पृथ्वी कलायची गरज नाही. महाद्वारासमोर, ताराबाई रोडच्या बाजूला काय उंचीचं बांधकाम आहे ते आधी बघा.

दुसरं कारण हवा. सूर्य ३ अंशांवर असताना किरण डोक्यावरच्या सूर्याच्या तुलनेत पंधरापट हवेतून येतो, १ अंशावर सव्वीसपट. पश्चिमेला ढगाची एक पट्टी, रंकाळा तलावाकडचं धुकं, नोव्हेंबरात सुरू झालेल्या गुऱ्हाळांचा आणि पाचट पेटवल्याचा धूर, यातलं काहीही पुरतं. फरक ओळखायचा कसा? हवेमुळं प्रकाश हळूहळू लाल होऊन मंदावतो. इमारतीमुळं कड सरळ दिसते आणि प्रकाश दोन-अडीच मिनिटांत तुटतो. उत्सवाच्या वेळी प्रकाशाची तीव्रता लक्स या एककात मोजतात. त्यात दर अर्ध्या मिनिटाची नोंद ठेवली तर दोष कुणाचा हे आलेखातच दिसेल.

उत्तरायण

ओळंबा यांनी उंची सांगितली, मी दिशा आणि तारखा घेतो.

मंदिर पश्चिमाभिमुख म्हणतो, ते बरोबर आहे. पण रेषा काटेकोर पश्चिमेला असती तर किरणं मार्च आणि सप्टेंबरच्या विषुवदिनाच्या आसपास आली असती. १० नोव्हेंबरला सूर्याची क्रांती सुमारे उणे १७ अंश असते, म्हणजे सूर्य विषुववृत्ताच्या १७ अंश दक्षिणेला. कोल्हापूरचा अक्षांश १६.७. एवढ्यावरून गणित केलं तर क्षितिजाच्या दोन-तीन अंश वर असलेला सूर्य पश्चिमेच्या साडेअठरा अंश दक्षिणेला दिसतो. किरण ज्या अर्थी महाद्वारातून मूर्तीपर्यंत जातो, त्या अर्थी तो मार्गही त्याच दिशेला आहे.

२१-२२ डिसेंबरला सूर्य दक्षिणेच्या टोकाला जाऊन वळतो. १० नोव्हेंबर त्याच्या साधारण ४२ दिवस आधी, १ फेब्रुवारी तितकेच दिवस नंतर. जाताना एकदा, येताना एकदा. दोन उत्सवांचं कारण इतकंच. पण घड्याळ वेगळं का? आपली भारतीय प्रमाणवेळ ८२.५ अंश रेखांशाची, कोल्हापूर ७४.२ वर, म्हणून आपला सूर्य घड्याळाच्या ३३ मिनिटं मागं. त्यात पृथ्वीची कक्षा लंबवर्तुळाकार आणि आस कललेला असल्यामुळं सूर्य स्वतःही कधी पुढं, कधी मागं धावतो. १० नोव्हेंबरला तो १६ मिनिटं पुढं असतो, १ फेब्रुवारीला साडेतेरा मिनिटं मागं. फरक अर्ध्या तासाचा. म्हणून एकदा सूर्यास्त सहाच्या सुमारास, तर दुसऱ्यांदा साडेसहाला.

आता आसाचा दावा. पृथ्वीच्या आसाचा कल खरंच बदलतो, पण शतकाला ४७ विकला (एक विकला म्हणजे अंशाचा ३६०० वा भाग). हजार वर्षांत ०.१३ अंश. या तारखांना त्याचा परिणाम ०.०९ अंश होतो, आणि सूर्याची क्रांती तर रोज ०.२८ अंशांनी बदलते. म्हणजे हजार वर्षांच्या बदलाची किंमत एक-तृतीयांश दिवस. २००४ च्या भूकंपानं ध्रुवाची जागा हलली ती काही सेंटिमीटर, आणि तीही जमिनीच्या संदर्भात. आकाशातला कल बदलला नाही. हा दावा सरळ सोडून द्या.

तिथीचा दावाही टिकत नाही. तिथी चंद्रावर चालते. रथसप्तमी जानेवारीच्या उत्तरार्धापासून फेब्रुवारीच्या मध्यापर्यंत कुठंही येते, तेवढ्या काळात सूर्यास्ताची जागा कित्येक अंश सरकते. सोहळा सूर्याचा असेल तर तारीख सायन सौरच, म्हणजे ऋतूंबरोबर चालणारी, हवी, आणि ग्रेगोरियन कॅलेंडर नेमकं तेच आहे. त्याची चूक सुमारे ३२०० वर्षांत एक दिवस. आपली निरयन, म्हणजे ताऱ्यांच्या संदर्भानं मोजलेली, संक्रांत मात्र साधारण ७१ वर्षांत एक दिवस पुढं जाते. किरणोत्सव संक्रांतीपासून मोजून ठरवला असता तर एव्हाना खरोखर चुकला असता.

एक फरक मात्र खरा आहे. लीप वर्षाच्या चक्रामुळं त्याच तारखेला सूर्य पाऊण दिवसापर्यंत मागंपुढं असू शकतो, म्हणजे ०.२ अंश. त्यामुळं एखाद्या वर्षी ९ तारीख फिकी आणि ११ उत्तम, पुढं कधी उलट, असं होतं. त्याला दोष म्हणू नये.

मंगळवारपेठकर

दोघांचेही आभार. पण उत्तरायणसाहेब, 'पहिल्या दिवशी चरण, दुसऱ्या दिवशी कंबर, तिसऱ्या दिवशी मुख' हे सगळीकडं लिहिलेलं असतं. ते मग कसं बसवायचं? आणि गाभाऱ्यात न जाता यातलं काही पडताळता येतं का?

ओळंबा

दिवसागणिक फरक उंचीचा नसून आडवा असतो. नोव्हेंबरात सूर्य रोज ०.३ अंश दक्षिणेला जातो, म्हणून आतला प्रकाशाचा पट्टा रोज उत्तरेला सरकतो; ६० मीटरवर ३० सेंटिमीटर. फेब्रुवारीत पट्टा रोज दक्षिणेला येतो. शिवाय एकाच संध्याकाळी, त्या चार मिनिटांत, मावळता सूर्य उत्तरेला झुकत जातो आणि पट्टा तेवढाच, ३० सेंटिमीटर, दक्षिणेला घसरतो. म्हणून पट्टा चढतो तो तिरका. ज्या दिवशी तो आधीच दक्षिणेला पडलाय त्या दिवशी चरणांना लागून बाजूला निघून जाणार, मुखापर्यंत पोहोचणार नाही. दोन्ही वेळा एकच क्रम धरणं भूमितीला धरून नाही, कारण नोव्हेंबर आणि फेब्रुवारीतलं सरकणं उलट दिशांचं आहे. भरवशाचा दिवस म्हणाल तर मधला : १० नोव्हेंबर आणि १ फेब्रुवारी.

पडताळणी घराच्या गच्चीवर होते. पश्चिम मोकळी हवी. ओळंबा लावून एक सरळ पाइप उभा करा, जाडी किमान ५ सेंटिमीटर. बारीक दोरी घेऊ नका : सूर्य बिंदू नसून अर्ध्या अंशाचं बिंब आहे, त्यामुळं पाच मीटरवर सावलीची कड साडेचार सेंटिमीटर पसरते आणि दोरीची सावली दिसेनाशीच होते. पाइपच्या सावलीच्या दोन्ही कडांचा मध्य धरायचा.

१० नोव्हेंबरला दुपारी १२ वाजून १७ मिनिटांनी सावलीची रेघ खडूनं ओढा. ती खरी उत्तर. १ फेब्रुवारीला हीच वेळ १२:४७. संध्याकाळी सूर्यास्ताआधी १०-१२ मिनिटांनी दुसरी रेघ. दोन्ही रेघांवर पाइपच्या बुडापासून ३ मीटरवर खूण करा आणि दोन खुणांमधलं अंतर टेपनं मोजा. साडेतीन मीटरच्या आसपास यायला हवं, म्हणजे कोन ७१ अंशांहून थोडा जास्त. चार सेंटिमीटर चुकलं तर एक अंश चुकला. मग उपग्रह नकाशावर महाद्वार ते गाभारा रेषा काढून तिचा उत्तरेशी कोन बघा.

मोबाइलचं होकायंत्र यासाठी वापरू नका. गच्चीच्या स्लॅबमध्ये सळ्या असतात, काटा सहज चार-पाच अंश भरकटतो, आणि इथं एक अंशाची चूक म्हणजे तीन दिवसांची चूक. सूर्याची उंची अ‍ॅपवरून घेत असाल तर अपवर्तन, म्हणजे हवेत किरणाचं वाकणं, धरलेलं आहे का तेही पाहा. २ अंशांवर हवेमुळं सूर्य ०.३ अंश वर दिसतो.

कृष्णाकाठ

तिसऱ्या दाव्यावर कुणी बोललं नाही, म्हणून लिहिते.

आपल्या अक्षांशावर सूर्यास्ताची जागा वर्षभरात पश्चिमेच्या दोन्ही बाजूंना साडेचोवीस अंश फिरते. या पट्ट्यात तोंड असलेल्या कुठल्याही दारात मावळता सूर्य वर्षातून दोनदा सरळ येतो. म्हणून 'जगात कुठंच शक्य नाही' हे बरोबर नाही. अंबाबाईचं वेगळेपण दुसरीकडं आहे : इतकी दारं, उंबरे आणि मंडप एकामागोमाग पार करून प्रकाश आत जातो. गरुड मंडप तर मूळ दगडी मंदिराच्या पुष्कळ नंतरचा, लाकडी. तो उभारतानाही वाट मोकळी राहिली, याचं कौतुक जास्त वाटतं.

आता एक योगायोग बघा. किरणोत्सवात सूर्य उणे १७ अंशांवर, आणि आपला अक्षांश अधिक १६.७. म्हणजे त्या दिवसांत मध्यरात्री सूर्य जवळजवळ बरोबर पायांखाली असतो. पौर्णिमेचा चंद्र सूर्यासमोर असतो, म्हणून त्या सुमाराची पौर्णिमा आली तर चंद्र डोक्यावर. शिरोळ तालुक्यातलं खिद्रापूर याच अक्षांशावर आहे, आणि तिथल्या कोपेश्वर मंदिरात स्वर्गमंडपाच्या छतातल्या गोल छिद्रातून त्रिपुरारी पौर्णिमेला चांदणं खालच्या वर्तुळाकार शिळेवर उतरतं ते यामुळंच. वेळ मध्यरात्रीच्या आसपासची.

पण दर वर्षी ते नेमकं मध्यावर पडेल असं नाही. त्रिपुरारी पौर्णिमा नोव्हेंबरच्या सुरुवातीपासून डिसेंबरच्या सुरुवातीपर्यंत कधीही येते, शिवाय चंद्राची कक्षा सूर्यमार्गाशी ५ अंशांनी कललेली आणि तिचं चक्र १८.६ वर्षांचं. चंद्र डोक्यावरून ५ अंश बाजूला असला तर छिद्राखाली दर मीटर उंचीला प्रकाश पावणेनऊ सेंटिमीटर सरकतो. कुणी फोटो टाकून 'गूढ ऊर्जेनं प्रकाश हलला' म्हणालं, तर त्याला तारीख विचारा आणि चंद्राची क्रांती काढा.

दोन्ही मंदिरांचा हा एकच आकडा मुद्दाम योजला असं मात्र मी लिहिणार नाही. अक्षांश समान असल्यावर आकाश समान असणारच. हेतू सिद्ध करायला शिलालेख लागतो, नुसतं गणित पुरत नाही.

उत्तरायण

कृष्णाकाठ ताईंशी सहमत. एकच जोड : ग्रुपवर टाकायचंच असेल तर मंगळवारपेठकर, हा आकडा टाका. सूर्य २ अंशांवर येईपर्यंत दिसायला हवा असेल तर बिंबाच्या खालच्या कडेसाठी पाव अंश सोडून पावणेदोन अंशांची रेषा मोकळी लागते. म्हणजे मूर्तीच्या मुखाच्या पातळीपासून दर १०० मीटरला ३ मीटर उंची. २०० मीटरवर ६, ३०० वर ९. त्या रेषेच्या दोन्ही बाजूंना प्रत्येकी एक अंश, म्हणजे ३०० मीटरवर दोन्हीकडं सव्वापाच मीटर, एवढ्या पट्ट्यातल्या इमारतींचीच मोजणी करायची आहे. जमिनीचा चढउतार धरायला लेव्हलिंग, म्हणजे पातळीची मोजणी, करावं लागेल, आणि उंची मोजताना टाकी, जिन्याची खोली, पत्र्याची शेड आणि मोबाइल टॉवर सोडायचे नाहीत. एका थिओडोलाइटनं, म्हणजे कोन मोजायच्या दुर्बिणीनं, दोन दिवसांचं काम आहे.