मदत हवी आहे: एमएसडब्ल्यू होऊन बारा वर्षे झाल्यावर पुढचे शिक्षण कोणते घ्यावे, आणि कोणाच्या हाताखाली?

क्षेत्रकार्य१३ (धागाकर्ती)

नमस्कार. मी इंदूरमधील एका धर्मादाय रुग्णालयात वैद्यकीय समाजसेविका आहे. २०१३ साली एमएसडब्ल्यू (समाजकार्यातील पदव्युत्तर पदवी) झाले आणि त्याच वर्षी या कामाला लागले. आमच्याकडे झाबुआ, अलीराजपूर, धार आणि बडवानी या भागांतून भिल, भिलाला आणि बारेला ही आदिवासी कुटुंबे मोठ्या संख्येने येतात, आणि त्यांतल्या अनेकांच्या घरी सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजार आहे. १ जुलै २०२३ रोजी शहडोलला राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन अभियान सुरू झाल्यापासून तपासण्या वाढल्या, आणि तपासणीचा निकाल हातात पडल्यावर कुटुंबाशी बोलण्याचे काम स्वाभाविकपणे समाजसेवा विभागाकडे आले.

माझा प्रश्न ज्या प्रसंगातून निर्माण झाला तो आधी सांगते. नवरा-बायको दोघेही वाहक (म्हणजे स्वतः आजारी नसलेले, पण आजार मुलांना देऊ शकणारे) आणि पहिला मुलगा आजारी असलेले एक कुटुंब माझ्याकडे आले होते. दोघेही वाहक असले तर मूल आजारी होण्याची शक्यता चारांत एक असते, हे मी त्यांना नीट समजावून सांगितले, निदान मला तसे वाटले. दीड-दोन वर्षांनी ती बाई दुसऱ्या बाळाला घेऊन आली. त्यालाही सिकलसेलच निघाला. ती अजिबात रागावली नव्हती. तिने एवढेच विचारले, ‘तुम्ही चारांत एक म्हणाला होता, तो एक तर आमचा आधीच झाला होता ना?’

पहिल्या मुलाने आपला ‘एक’ वापरला, आता पुढची तीन मुले निरोगी होतील, असा हिशोब त्या घराने केला होता. प्रत्येक गरोदरपणात ही शक्यता नव्याने तेवढीच असते, हे वाक्य मी उच्चारले होते की नाही, हे आज मला खात्रीने सांगता येत नाही. माझ्या नोंदवहीत मात्र त्या तारखेसमोर ‘आनुवंशिक समुपदेशन केले’ असे स्वच्छ अक्षरात लिहिलेले आहे.

त्या रात्री मला झोप आली नाही. या बारा वर्षांत महिन्याला किती जणांचे समुपदेशन केले हा आकडा मला दर महिन्याला विचारला गेला, पण ते कसे केले हे एकदाही कोणी विचारले नाही. एमएसडब्ल्यूला असताना दर आठवड्याला क्षेत्रकार्याचा (शिकताना संस्थेत किंवा वस्तीत केलेल्या प्रत्यक्ष कामाचा) अहवाल लिहावा लागे आणि आमच्या पर्यवेक्षक बाई त्याच्या समासात लाल शाईने प्रश्न लिहीत: ‘हे तिने म्हटले की तुम्ही गृहीत धरले?’ तोंडी परीक्षा झाली आणि तो समास कायमचा कोरा राहिला.

आता मला शिकायचे आहे. माझ्यासमोर चार वाटा आहेत: सायकियाट्रिक सोशल वर्कमधील (मनोरुग्णांसाठीच्या समाजकार्यातील) एमफिल, इग्नू या मुक्त विद्यापीठातून दूरशिक्षणाने समुपदेशनाचा एमएसडब्ल्यू, समाजकार्यातील पीएचडी, किंवा स्वयम् या सरकारी ऑनलाइन पोर्टलवरचे छोटे अभ्यासक्रम. घरी सासूबाई आजारी असून मुलगी दहावीत आहे, त्यामुळे दोन वर्षे इंदूर सोडणे शक्य नाही. पदवीची हौस मला नाही, असे नाही, परंतु वर लिहिलेली चूक पुन्हा होऊ नये ही माझी पहिली गरज आहे. ज्यांनी नोकरी सांभाळून पुढचे शिक्षण घेतले आहे त्यांनी कृपया अनुभव सांगावा.


शेवंती

ताई, मी सायकियाट्रिक सोशल वर्कमध्ये एमफिल केले आहे, म्हणून त्यापुरते लिहिते. हा अभ्यासक्रम दोन वर्षांचा, पूर्णवेळ आणि वॉर्डात राहून पर्यवेक्षणाखाली करण्याचा असतो. तो नोकरी सांभाळून होत नाही आणि होऊही नये. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यात सायकियाट्रिक सोशल वर्करची जी व्याख्या आहे तिच्यात समाजकार्यातील पदव्युत्तर पदवी आणि त्यानंतरचे हे एमफिल, अशा दोन्ही गोष्टी सांगितलेल्या आहेत. त्यामुळे मनोरुग्णालयातील त्या पदासाठी त्याला सहसा पर्याय नाही. शिवाय विद्यापीठ अनुदान आयोगाने (यूजीसीने) २०२२ च्या नियमांनी एमफिल ही पदवीच बंद केली. क्लिनिकल सायकॉलॉजी आणि सायकियाट्रिक सोशल वर्क या दोन विषयांना पुढे २०२५-२६ पर्यंत मुदतवाढ मिळाली, इतकेच. कोणी जुन्या माहितीपत्रकाच्या भरवशावर पैसे भरायला सांगितले, तर संस्थेची चालू वर्षाची मान्यता लेखी पाहिल्याशिवाय भरू नका.

तुमचे काम सामान्य रुग्णालयातील आहे, मनोरुग्णांचे नाही, म्हणून ही वाट तुमची नाही असे मला वाटते. मात्र निम्हान्स या बेंगळुरूच्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य संस्थेची डिजिटल अकादमी २०१८ पासून डॉक्टर, मानसशास्त्रज्ञ, समाजकार्यकर्ते आणि परिचारिका यांच्यासाठी दूरस्थ प्रशिक्षण देते. त्यांत प्रत्यक्ष केसवर चर्चा होते, हा मोठा लाभ आहे. तुमच्या कामाला काय लागू पडते ते तिथे अवश्य पाहावे.


मिडलँड्सहून

मी मूळची इंदूरची, सुदामानगरात वाढले, आणि गेली काही वर्षे इंग्लंडमध्ये बालसंरक्षणाच्या कामात आहे. तिकडच्या आणि इकडच्या परिस्थितीची तुलना करून कोणाला कमी लेखण्याचा हेतू नाही, पण क्षेत्रकार्य१३ यांनी ज्या कोऱ्या समासाबद्दल लिहिले आहे त्यावर तिथे काय योजले आहे ते सांगणे उपयोगी पडेल.

इंग्लंडमध्ये सोशल वर्क इंग्लंड ही नियामक संस्था डिसेंबर २०१९ पासून काम करते आणि तिच्याकडे नोंदणी असल्याशिवाय ‘सोशल वर्कर’ हे नाव लावता येत नाही. नोंदणीचे नूतनीकरण दर वर्षी १ सप्टेंबर ते ३० नोव्हेंबर या काळात होते आणि त्यासाठी वर्षभरात आपण काय शिकलो याच्या किमान दोन नोंदी द्याव्या लागतात. किती तास व्याख्याने ऐकली हे त्यांत विचारत नाहीत. या शिकण्याने माझ्या कामात काय बदलले आणि ज्यांच्यासाठी मी काम करते त्यांना त्याचा काय फरक पडला, हे लिहायचे असते, आणि दोनपैकी किमान एका नोंदीवर एखाद्या सहकाऱ्याशी चर्चा झालेली असावी लागते. मला पहिल्या वर्षी हे ओझे वाटले होते. आता मी ती चर्चा टाळत नाही, कारण माझ्या सर्वांत मोठ्या दोन चुका मला तिथेच कळल्या.

पदवीनंतरच्या पहिल्या वर्षासाठीही २०१२ पासून एक व्यवस्था आहे. नव्या कार्यकर्त्याला मर्यादित केसेस दिल्या जातात. पहिले सहा आठवडे दर आठवड्याला, सहा महिन्यांपर्यंत दर पंधरवड्याला आणि त्यानंतर महिन्यातून एकदा पर्यवेक्षकाबरोबर बसायचे असते, आणि वर्षाच्या शेवटी मूल्यमापन होते. आपल्याकडे एमएसडब्ल्यूचा निकाल लागला की दुसऱ्या दिवशी मुलगी अख्ख्या वॉर्डाला एकटी सामोरी जाते. ताई, दोष तुमच्या एकटीचा नाही, एवढे मला मनापासून सांगावेसे वाटते.


माळवीमाणूस

बाकी सर्व ठीक, परंतु पदवी वाढल्याशिवाय वेतनश्रेणी वाढत नाही, हेही लक्षात घ्यावे. दूरशिक्षणाचा दुसरा एमएसडब्ल्यू घेण्यापूर्वी तुमच्या संस्थेच्या सेवानियमांत तो धरला जातो का, हे प्रशासनाला लेखी विचारा.

आणखी एक. २०२१ च्या संलग्न आरोग्यसेवा व्यवसाय आयोग कायद्याच्या अनुसूचीत वैद्यकीय समाजकार्यकर्ते आले आहेत. नोंदणीची वेळ येईल तेव्हा बारा वर्षांच्या अनुभवाची पत्रे, नेमणुकीचे आदेश आणि प्रशिक्षणांची प्रमाणपत्रे एका फाईलमध्ये तयार असलेली बरी.


निवृत्त मास्तर

मी आयुष्यभर समाजकार्य शिकवले, आणि क्षेत्रकार्याच्या अहवालांवर लाल शाईही पुष्कळ वापरली. क्षेत्रकार्य१३ यांच्या प्रश्नात दोन वेगळे प्रश्न गुंतले आहेत असे मला दिसते. पुढची पदवी कोणती, हा एक. आणि माझे काम कोण पाहील, हा दुसरा. पहिल्याची उत्तरे वर आली आहेत. दुसऱ्याचे उत्तर कोणत्याही माहितीपत्रकात मिळणार नाही, कारण दूरशिक्षणाची उत्तरपत्रिका तपासणारा मनुष्य तुमच्या टेबलासमोर बसलेली ती बाई पाहत नाही.

पर्यवेक्षणाची तीन अंगे आम्ही वर्गात शिकवत असू: कामावर देखरेख, कामातून शिकवणे आणि काम करणाऱ्याला आधार. नोकरीत त्यांतले पहिले तेवढे उरते, आणि तेही आकड्यांपुरते. उरलेली दोन आपली आपण उभी करावी लागतात. इंदूरमध्ये ते शक्य आहे. इथे इंदूर स्कूल ऑफ सोशल वर्क १९५१ पासून आहे, तेव्हा शहरातल्या रुग्णालयांत, बालगृहांत आणि संस्थांत एमएसडब्ल्यू झालेली माणसे विखुरलेली आहेत. त्यांतली चार-पाच माणसे महिन्यातून एकदा दोन तास एकत्र बसली आणि प्रत्येक वेळी एकाने एकच मुलाखत, आठवेल तशी, प्रश्नोत्तरांच्या शब्दांत लिहून आणली, तरी पुरे. रुग्णाचे नाव, गाव आणि ओळख पटेल असा तपशील लिहायचा नाही. सल्ला देण्याची घाई करायची नाही, आधी ‘हे तिने म्हटले की तुम्ही गृहीत धरले?’ हाच प्रश्न विचारायचा. शिवाय आपल्या रुग्णालयात क्षेत्रकार्यासाठी दोन विद्यार्थिनी घ्या. दुसऱ्याचा अहवाल वाचताना आपले काम जितके स्वच्छ दिसते तितके एरवी दिसत नाही, हा माझा अनुभव आहे.

आता त्या ‘चारांत एक’विषयी. शाळेत न गेलेल्या माणसाला अपूर्णांक सांगू नये. शाळेत गेलेल्यालाही सांगू नये, कारण तोही हाच हिशोब करतो. दोन वाट्या घ्याव्यात, एक आईची आणि एक वडिलांची. प्रत्येकीत मक्याचा एक दाणा आणि उडदाचा एक दाणा टाकावा. डोळे मिटून प्रत्येक वाटीतून एकेक दाणा काढायला त्या दोघांनाच सांगावे. दोन्ही मक्याचे आले तर बाळ पूर्ण निरोगी, एक उडीद आला तर आईवडिलांसारखे वाहक, दोन्ही उडीद आले तर आजारी. मग सर्वांत महत्त्वाची गोष्ट करावी: दोन्ही दाणे आपापल्या वाटीत परत टाकायला लावावे आणि पुन्हा काढायला सांगावे. दाणे परत टाकणे त्यांच्या हातून घडले पाहिजे. शेवटी ‘समजले का?’ असे विचारू नये, कारण त्याचे उत्तर नेहमी ‘हो’ असते. ‘घरी गेल्यावर सासूबाईंना तुम्ही हे कसे सांगाल, ते मला सांगून दाखवा’ असे म्हणावे.


क्षेत्रकार्य१३ (धागाकर्ती)

सर्वांचे मनापासून आभार. उत्तर द्यायला तीन आठवडे लागले, कारण आधी काहीतरी करून पाहायचे होते.

एमफिलचा विचार सोडला आहे. दूरशिक्षणाबद्दल प्रशासनाला पत्र दिले असून उत्तर आलेले नाही. पलासियाजवळ एका मैत्रिणीच्या घरी महिन्याच्या दुसऱ्या शनिवारी बसायचे ठरले आहे. आम्ही पाच जणी आहोत, दोघी रुग्णालयांतल्या, दोघी बालकांच्या संस्थांतल्या आणि एक शाळेत समुपदेशक आहे. पहिल्या बैठकीत मीच माझी मुलाखत वाचून दाखवली. वाचताना माझ्या लक्षात आले की वीस मिनिटांच्या त्या बोलण्यात त्या बाईची वाक्ये फक्त सहा होती आणि त्यांतली चार ‘हां’ अशी होती.

मास्तर, तुमच्या वाट्या मी वापरल्या. परवा अलीराजपूरकडचे एक जोडपे आले होते. दोघेही वाहक, मूल अजून नाही. त्यांना हिंदी जेमतेम समजते, म्हणून सोबत आलेल्या दिराने भिलीत सांगितले. दाणे काढणे, परत टाकणे, सर्व झाले. शेवटी तुम्ही सांगितल्याप्रमाणे त्या मुलीला ‘घरी कसे सांगशील’ असे विचारले. ती म्हणाली, माझ्या रक्तात खोट आहे, म्हणून मूल आजारी होईल. वाट्या दोन होत्या आणि दोन्हींत उडीद होता, तरी तिच्यापर्यंत पोहोचली ती एकच वाटी. दिराने काय सांगितले असेल ते मला त्या क्षणी कळले. मी त्याला बाहेर बसायला सांगितले, नवऱ्याच्या हातात त्याची वाटी दिली आणि तुटक हिंदीत, हातवारे करीत पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली. या वेळी किती पोहोचले याची मला खात्री नाही, म्हणून पुढच्या महिन्यात त्या दोघांना परत बोलावले आहे.

त्यामुळे माझा नवा प्रश्न असा आहे. नात्यातल्या माणसाला दुभाषा करू नये हे मला पटले, पण रुग्णालयात भिली किंवा बारेली बोलणारी स्त्री कर्मचारी एकच आहे, ती सफाई विभागात आहे, आणि तिला या कामासाठी कोणी तयार केलेले नाही. तिला दुभाषी म्हणून कसे शिकवावे, गोपनीयतेचे बंधन तिला कसे समजावावे आणि या वेगळ्या कामाचा मोबदला तिला मिळावा यासाठी प्रशासनापुढे मागणी कशी मांडावी, हे ज्यांनी आदिवासी भागात काम केले आहे त्यांनी कृपया लिहावे. त्या जोडप्याची तारीख येण्यापूर्वी मला तिच्यासोबत निदान दोनदा बसायचे आहे.