मदत हवी आहे: इटलीत वडिलांच्या मामांचं नाव नेमकं कुठल्या स्मारकावर?

मंडळी, दिवाळीनंतर वडिलांना घेऊन रोमला भावाकडे जातोय. वडिलांचा एकच हट्ट आहे, मामांचं नाव जिथे कोरलंय तिथे एकदा हात लावायचा. मामा म्हणजे माझ्या आजीचे थोरले भाऊ, पाचव्या मराठा लाइट इन्फंट्रीत शिपाई. १९४४ च्या पावसाळ्यात इटलीत पडले. वडिलांनी त्यांना पाहिलेलंही नाही, पण आजी पितृपक्षात त्यांचं पान न चुकता वाढायची.

घरी कागद एकही नाही. आहे ते फक्त त्यांचं पदक, इटली स्टार. त्याची लाल-पांढरी-हिरवी फीत पार विरलीय.

युद्धात पडलेल्या सैनिकांच्या कबरी आणि स्मारकं सांभाळणाऱ्या कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्हज कमिशनच्या साइटवर मिळत्याजुळत्या नावाचे दोन शिपाई सापडले, दोघेही याच रेजिमेंटचे. एकाचं नाव कॅसिनो मेमोरियलवर, दुसऱ्याचं सांग्रो रिव्हर क्रिमेशन मेमोरियलवर. गाव दोघांचंही दिलेलं नाही. कॅसिनो रोम आणि नेपल्सच्या मध्ये, सांग्रो पार एड्रियाटिकच्या किनाऱ्याला. वडिलांच्या गुडघ्यांना दोन्ही झेपणार नाही. आमचा कोणता हे कसं ठरवू? आणि कॅसिनोवर नाव म्हणजे ते माँटे कॅसिनोच्या लढाईत गेले का? ती तर मे महिन्यातच संपली होती. तिथे फुलं, दिवा चालतो का?

प्रतिसाद १ (माणगावकर)
कॅसिनो मेमोरियलवर नाव म्हणजे कॅसिनोला मृत्यू, असं नाही. सिसिली आणि इटलीच्या मोहिमेत गेलेल्या, पण समाधी सापडली नाही अशा चार हजारांहून जास्त सैनिकांची नावं तिथे आहेत. आमच्या भागातले नाईक यशवंत घाडगे, व्हिक्टोरिया क्रॉस, १० जुलै १९४४ ला टायबर नदीच्या वरच्या खोऱ्यात पडले. त्यांचंही नाव कॅसिनोलाच आहे. सांग्रोचं स्मारक वेगळं, तिथे दहन झालेल्या ५१७ भारतीय सैनिकांची नावं आहेत.

नावावरून शोधू नका. आपल्या लोकांची नावं साहेबाने कशीही लिहिलीत, आडनाव असेल-नसेल. पदक उलटं करून बघा. भारतीय फौजेच्या पदकांवर शिपायाचा नंबर आणि नाव ठोकलेलं असायचं. तो नंबर साइटवरच्या नोंदीशी जुळवा. शोधताना ‘मराठा’चं जुनं स्पेलिंग वापरा, एम-ए-एच-आर-ए-टी-टी-ए.

प्रतिसाद २ (टायबरकाठी)
रोमा टर्मिनीहून कॅसिनोला थेट लोकल गाड्या आहेत, साधारण दोन तास. सैनिकांची सिमेटरी गावाच्या दक्षिणेला, स्टेशनपासून धडधाकट माणसाला चालत जाण्यासारखी. वडिलांसाठी मात्र टॅक्सीच करा. मागे डोंगरावर मठ दिसतो. स्मारक सिमेटरीच्या आतच आहे, लांबट हौद आणि दोन्ही बाजूंना नावांचे उभे संगमरवरी फलक. साइटवर नोंदीत पॅनल नंबर असतो, तो लिहून घ्या, नाहीतर चार हजार नावांत उन्हात फिराल.

फुलं खुशाल ठेवा. दिवा लावलात तर फलकापासून लांब, आणि निघताना उचला. हळद-कुंकू दगडाला अजिबात नको, डाग पडतो आणि तो पुसायला मग तिथल्या माळ्याला घासत बसावं लागतं.

धागाकर्ता
माणगावकर, मानलं तुम्हाला! आईने चिंच लावून पदक घासायला घेतलं होतं, वेळीच हातातून काढून घेतलं. मागे बारीक अक्षरात नंबर आहे आणि तो कॅसिनोच्या नोंदीशी तंतोतंत जुळतोय. फक्त साइटवर आडनावात एक अक्षर खाल्लंय. पदकाचा फोटो पाठवला तर कमिशन नोंद दुरुस्त करतं का? कुणी अशी दुरुस्ती करून घेतली असेल तर सोबत काय काय जोडलं ते सांगा. आणि रविवारी कॅसिनो स्टेशनबाहेर टॅक्सी उभी असते का, की आधीच फोन करून ठेवावा लागतो?