पावसाळ्यात कापडी लंगोटाचा हट्ट कशासाठी? (तीन आठवडे रॅश जात नाहीये)

चिपळूणची_लेक
बाळ साडेचार महिन्यांचं आहे, मी बाळंतपणाला माहेरी आले ती अजून इथेच, आणि चिपळूणचा जुलै म्हणजे काय ते कोकणातल्यांना सांगायला नको. आईने आजोबांची जुनी धोतरं आणि आजीची एक नऊवारी फाडून चाळीसेक लंगोट करून ठेवलेत. कापड मऊसूत आहे, त्याबद्दल तक्रार नाही. पण वाळत नाहीत हो! दोन दोन दिवस दांडीवर लटकतात, तरी हात लावला की गार लागतात आणि कुबट वास येतो तो वेगळाच.

तीन आठवडे झाले ढुंगण लालबुंद आहे. आधी नुसतं लाल होतं, आता जांघेच्या घड्यांमध्येही गेलंय आणि कडेकडेने बारीक पुळ्या आल्यात. शी पुसताना असा किंचाळतो की मलाच रडू येतं. खोबरेल तेल झालं, लोणी झालं, पावडर झाली, शेजारच्या वहिनींनी एक ट्यूब दिली तीही लावून झाली. मी म्हणते सरळ डायपर लावू, आई म्हणते डायपरनेच रॅश येतात, आमच्या वेळी कुठे होते डायपर. माझं मत स्पष्ट आहे, पावसाळ्यात कापडी लंगोट हा मोठ्यांचा हट्ट आहे आणि त्याची शिक्षा बाळाला होते. पटत नसेल तर सांगा, पण कारण देऊन सांगा.

ठाणेकरीण
शंभर टक्के पटलं. माझ्या मुलीला पहिल्या दिवसापासून डायपर, एकदाही रॅश नाही. डायपरच्या आत जी जेल असते ती शू ओढून घेते, कातडी कोरडी राहते. कापड काय करतं, शू धरून ठेवतं आणि त्याच ओल्यात बाळ निजतं. आणि एक बोलू का, राग येईल कुणाला तरी, पण "नैसर्गिक", "पर्यावरण" वगैरे म्हणणाऱ्यांच्या घरी ते लंगोट धुतं कोण ते एकदा विचारा. टाके ओले असताना बादलीभर शीचे कपडे आईनेच धुवायचे ना? की घरच्या मावशींनी?

पाच_नातवंडांची_आजी
अगं लेकी, लंगोटाला कशाला नावं ठेवता. माझी तीन मुलं आणि पाच नातवंडं लंगोटात वाढली, तीही रत्नागिरीच्या पावसात. लंगोट वाळत नाहीत कारण तुम्ही नुसते दांडीवर टाकता. आम्ही शेगडीत निखारे करायचो, त्यावर बांबूचं डालगं पालथं घालायचं आणि त्याच्यावर लंगोट पसरायचे, तासाभरात खडखडीत. वर धुरीचा वास. आणि लंगोट ओला झाला की त्याच क्षणी बदलायचा. कापडाचा गुण हाच की ओलं झाल्याचं लगेच कळतं, बाळ रडतं. डायपरात बाळ सहा सहा तास पडून राहतं आणि आई म्हणते कोरडं आहे.

रॅशवर थोडी बोरिक पावडर भुरभुरवून बघ, आमच्या वेळी सगळे तेच करायचे.

त्वचारोगवाला_नागपूर
आजी, डालग्याबद्दल हात जोडतो, पण बोरिक पावडर नको. कृपा करून नको. सोललेल्या कातडीतून बोरिक अ‍ॅसिड अंगात शोषलं जातं आणि लहान बाळांना त्याची विषबाधा झाल्याची, जीव गेल्याचीही उदाहरणं आहेत. म्हणून तर बाळांसाठी ते कधीच बंद झालं. टाल्कम पावडरही नको, ती घड्यांमध्ये ओली होऊन गोळे होतात आणि उडालेली नाकातोंडात जाते.

आता धागाकर्तीला तीन प्रश्न. पुळ्या मुख्य लालीपासून सुट्या सुट्या, बेटांसारख्या आहेत का? मागच्या महिनाभरात बाळाला अँटीबायोटिक दिलं होतं का? आणि शेजारच्या वहिनींच्या ट्यूबवर काय लिहिलंय ते घटक वाचून इथे टाका. लंगोट की डायपर हे भांडण नंतर करू.

बाबा_पण_धुतो
ठाणेकरीणबाई, आमच्या घरी मी धुतो. सकाळी साडेपाचला. बादली माझी, ब्रश माझा. तेव्हा सगळ्यांना एकाच मापाने मोजू नका.

आमच्याकडेही असाच न जाणारा रॅश होता आणि दोष लंगोटाचा नव्हता, धुण्याचा होता. बायकोच्या काकूंनी सांगितलं म्हणून आम्ही शेवटच्या पाण्यात जंतुनाशक घालायचो आणि मऊ राहावेत म्हणून सॉफ्टनर. त्यात आमचं बोअरचं पाणी, साबणाचा फेसच येत नाही, सगळा कापडात बसतो. एक दिवस धुतलेला, वाळलेला लंगोट नुसत्या साध्या पाण्यात बुडवून पिळला तर पाणी दुधासारखं आलं!! म्हणजे पोराच्या ढुंगणाला आम्ही दिवसभर साबण बांधून ठेवत होतो. सॉफ्टनरने कापडावर थर बसतो आणि मग ते शू शोषत पण नाही. सगळं बंद केलं, पावडर निम्मी केली, टँकरच्या पाण्यात तीन वेळा खळबळायला लागलो, आठवड्यात लाली उतरली. आणि हो, लंगोटावरची ती प्लॅस्टिकची चड्डी फेकून दिली. कापड बांधायचं आणि वरून प्लॅस्टिक, मग डायपरला शिव्या कशाला द्यायच्या?

ठाणेकरीण
साडेपाचवाले बाबा, तुम्हाला साष्टांग नमस्कार, पण तुमच्यासारखे किती? आणि बघा ना, तुम्हीच सांगताय की टँकरचं पाणी, तीन वेळा खळबळणं, निम्मी पावडर. हे सगळं जमलं तरच कापड चांगलं. डायपरला असली परीक्षा नाही.

पाच_नातवंडांची_आजी
परीक्षा नाही कशी? दिवसाला आठ डायपरचे पैसे धर आणि महिन्याचा हिशोब कर, मग कळेल परीक्षा कुणाची ते. आणि ते टाकता कुठे? आमच्या वाडीत कचरागाडी येत नाही, कुत्री ओढून आणतात अंगणात.

चिपळूणची_लेक
डॉक्टर, उत्तरं देते. पुळ्या सुट्या आहेत, तुम्ही म्हणता तशाच, मोठ्या लाल भागाच्या बाहेर बारीक बारीक ठिपके. अँटीबायोटिक हो, कफ झाला होता तेव्हा पाच दिवस दिलं होतं, रॅश त्यानंतरच सुरू झाला, पण माझ्या डोक्यातच आलं नव्हतं हे जोडून बघायचं. ट्यूबवर लिहिलंय क्लोबेटासॉल, निओमायसिन, मायकोनाझोल. चार दिवस लावली तेव्हा खूपच कमी झालं होतं, थांबवल्यावर दुप्पट आलं.

त्वचारोगवाला_नागपूर
हेच वाटलं होतं. ती ट्यूब आजच्या आज कपाटातून काढा आणि वहिनींनाही सांगा. क्लोबेटासॉल हे अत्यंत तीव्र स्टिरॉइड आहे. बाळाच्या कातडीवर लावून वर लंगोट किंवा डायपर बांधला की ते झाकण घातल्यासारखं होतं आणि औषध कित्येक पटीने आत शोषलं जातं. लाली दोन दिवसांत दबते म्हणून सगळ्यांना जादू वाटते, पण कातडी पातळ होते आणि स्टिरॉइडच्या आड बुरशी मजेत वाढते. २०१८ मध्ये सरकारने अशी स्टिरॉइड क्रीमं चिठ्ठीशिवाय विकू नयेत म्हणून शेड्यूल एचमध्ये घातली, पण केमिस्टच्या काउंटरवर काय चालतं ते तुम्हाला माहीत आहे.

तुमचं वर्णन कॅन्डिडाचं वाटतं, म्हणजे यीस्ट, एक बुरशी. घड्यांच्या आत लाली, कडेला सुटे ठिपके, अँटीबायोटिकनंतर सुरुवात. साधा रॅश बहुतेक वेळा घड्या सोडून फुगीर भागावर येतो, जिथे ओलं कापड घासतं. पण मी फोटोही पाहिलेला नाही, तेव्हा बाळाच्या डॉक्टरांना प्रत्यक्ष दाखवा आणि ती ट्यूब सोबत न्या. तोंडात पांढरा थर आहे का बघा, पुसून जात नसेल तर तिथेही तेच असेल, आणि तुमच्या स्तनाग्रांना आग होत असेल तर तेही सांगा, नाहीतर दोघं एकमेकांना देत राहाल. कॅन्डिडाच असेल तर साधं बुरशीचं क्रीम, बिनस्टिरॉइडचं, बहुधा क्लोट्रिमाझोल देतील. ते पातळ लावायचं आणि वरून झिंक ऑक्साइड, तो मात्र श्रीखंडासारखा जाड थर. प्रत्येक शीला तो खरवडून काढू नका, घाण झालेला वरचा भाग तेवढा तेलाच्या कापसाने टिपायचा. लाली गेली म्हणून लगेच क्रीम बंद करू नका, सांगितलेले दिवस पूर्ण करा. ताप आला, पू किंवा पाण्याचे फोड दिसले तर थांबू नका, त्याच दिवशी जा.

आता भांडणावर माझं मत. पूर्वी वाटायचं शूतला अमोनियाच कातडी जाळतो. खरं म्हणजे शू आणि शी एकत्र आली की शीतल्या जंतूंमुळे अमोनिया तयार होतो, कातडीचा आम्लपणा कमी होतो आणि मग शीतली पाचक द्रव्यं जोरात कामाला लागतात. ती कातडी खातात. म्हणून शी झाल्यावरची दहा मिनिटं महत्त्वाची, कपडा कुठलाही असो. पण ठाणेकरीण म्हणतात त्यात तथ्य आहे, शोषून घेणाऱ्या जेलमुळे कातडी जास्त कोरडी राहते. रॅश आहे तोवर, आणि लंगोट खरोखर वाळत नसतील तर, मी डायपरच सांगेन. आजींना राग येईल.

पाच_नातवंडांची_आजी
राग नाही रे बाबा. पण खोबरेल तेलाला काही म्हणू नको, ते मी लावणारच.

त्वचारोगवाला_नागपूर
बरं होत आलेल्या कातडीवर लावा की. बुरशीवर औषध म्हणून नको, एवढंच.

लंडनची_माई
इकडून एक. इथे सूर्य मुंबईच्या पाहुण्यासारखा, आला तर आला. तरी लंडनच्या काही बरोंमध्ये, म्हणजे इथल्या स्थानिक पालिकांमध्ये, कापडी लंगोटांसाठी व्हाउचर मिळतात, कचरा कमी व्हावा म्हणून, आणि मी ते घेतलं. पण माझ्याकडे मशीन आहे, ६० अंशाला धुते आणि हीटरवर वाळवते. यीस्ट झालं होतं तेव्हा नर्सने सांगितलं, थंड पाण्याने धुतलेल्या कापडात ती बुरशी राहू शकते, म्हणून ते दिवस गरम पाणीच. चिपळूणला मशीन नसेल तर उकळत्या पाण्यात बुडवून ठेवायचे आणि वाळल्यावर कडक इस्त्री. वीज असली तर, अर्थात.

ठाणेकरीण
झालं. आता इस्त्री पण. रात्री बारा वाजता चाळीस लंगोटांना इस्त्री करणारी ती माऊली कोण ते पुढच्या पोस्टमध्ये लिहा.

बाबा_पण_धुतो
माऊली नाही, मी. पण चाळीस नाही, दिवसाला बारा. चाळीस एकदम घाणीत पडत नाहीत हो.

चिपळूणची_लेक
आठ दिवसांनी लिहितेय. डॉक्टरांनी बघितलं, कॅन्डिडाच होता, तोंडातही थोडा होता, त्याचे थेंब दिलेत. ट्यूब बघून त्यांनी कपाळाला हात लावला. चौथ्या दिवशी ठिपके सुकले, आज फक्त फिकट गुलाबी आहे आणि पुसताना पोरगं हसतंय!

कपड्याचं म्हणाल तर अर्धी हरले, अर्धी जिंकले. रात्री आणि पाऊस धो धो असला की डायपर. दिवसा दोन तास लंगोटही नाही डायपरही नाही, खाली रबर आणि दुपटं, शू झाली तर झाली. बाकी वेळ लंगोट. आईने जंतुनाशक बंद केलं, ते मात्र माझ्या सांगण्यावरून नाही, बाबा_पण_धुतो यांची दुधाळ पाण्याची गोष्ट मी वाचून दाखवली म्हणून. तिनेही आमचा एक लंगोट पाण्यात पिळून बघितला आणि काहीच न बोलता बादली ओतून दिली.

आजी, बाजारात डालगं मिळालं. निखाऱ्यांवर किती उंच ठेवायचं? काल एक लंगोट करपला.

पाच_नातवंडांची_आजी
अगं हातभर तरी उंच हवं, आणि निखाऱ्यांवर राखेचा पातळ थर येऊ दे आधी. खोलीचं दार उघडं ठेव, बाळाला त्या खोलीत निजवू नको. करपला तो कुठला, नऊवारीचा तर नाही ना?

चिपळूणची_लेक
नाही आजी, धोतराचा.