शब्दचर्चा: ‘मेटास्टेबल’ला मराठीत काय म्हणावं?

प्रश्न (राजारामपुरी): डिप्लोमाच्या मुलांसाठी डिजिटल इलेक्ट्रॉनिक्सच्या नोट्स मराठीत लिहितेय. क्लॉक (सर्किटला ठेका देणारा सिग्नल), फ्लिप-फ्लॉप (त्या ठोक्याला शून्य किंवा एक पकडून ठेवणारं सर्किट) तसेच ठेवले, ते सगळ्यांच्या तोंडात आहेत. अडलंय ‘मेटास्टेबल’पाशी. ‘अर्धस्थिर’ लिहिलं, तर एकानं विचारलं, “म्हणजे व्होल्टेज निम्मं का?” नेमका शब्द सुचवा.

शिरोली एमआयडीसी: ताई, ‘तळ्यात-मळ्यात’ लिहा. रेघेच्या अलीकडं तळं, पलीकडं मळा. हाक येते नेमक्या त्याच क्षणी पोरगं उडी मारत असेल, तर एक पाय इकडं, एक तिकडं. फ्लिप-फ्लॉपचं हेच होतं. क्लॉकच्या ठोक्याआधी आणि नंतर थोडा वेळ इनपुट स्थिर लागतं. त्याच फटीत ते बदललं, तर आउटपुट शून्य की एक हे ठरायला नेहमीपेक्षा जास्त वेळ लागू शकतो. किती, याला वरची मर्यादा नाही.

हे मी भोगलंय. एका फाउंड्रीसाठी साचे मोजायचं कार्ड केलं होतं. सेन्सरची वायर मी थेट दोन फ्लिप-फ्लॉपना दिली. आठ-पंधरा दिवसांतून एकदा कार्ड गप्प व्हायचं, बंद-चालू केलं की पुन्हा ठीक. मी कनेक्टर बदलले, अर्थिंग तपासलं. शेवटी कळलं, सिग्नल बदलताना एकानं ‘एक’ वाचलं, दुसऱ्यानं ‘शून्य’, आणि सर्किट अशा अवस्थेत गेलं जी मी आखलीच नव्हती. मग वाटेत एकामागं एक दोन फ्लिप-फ्लॉप घातले आणि सगळ्यांना दुसऱ्याचंच आउटपुट दिलं. पहिला घोटाळला तरी पुढच्या ठोक्यापर्यंत त्याला सावरायला वेळ मिळतो. ५० मेगाहर्ट्‌झला २० नॅनोसेकंद, आजच्या चिपला हे पुष्कळ. धोका शून्य होत नाही, पण थांबायचा वेळ थोडा वाढवला की तो घातांकी वेगानं घटतो.

मंगळवार पेठ: ‘त्रिशंकू’ जास्त भारदस्त नाही का?

शिरोली एमआयडीसी: त्रिशंकू कायमचा लटकला. हा सिग्नल कधी ना कधी एका बाजूला पडतोच. ‘दोलायमान’ही नको, त्यात झुलणं आलं. ‘त्याचं अजून तळ्यात-मळ्यात चाललंय’ म्हटलं की निर्णय व्हायचाय, पण होणार आहे, हे ऐकणाऱ्याला कळतं.

मंगळवार पेठ: पटलं. मग असिंक्रोनस, म्हणजे क्लॉकशी न जुळणारा सिग्नल, तो ‘बेताल’?

राजारामपुरी: नाही, बेतालमध्ये गाणाऱ्याचा दोष आहे. सेन्सरचा काय दोष? साचा आला, त्यानं सांगितलं. त्याला आपला ठेका ठाऊकच नाही. मी ‘बिनठेक्याचा सिग्नल’ लिहीन.

शिरोली एमआयडीसी: झकास. एक इशारा नोट्समध्ये नक्की घाला. अनेक बिटांचा आकडा असेल तर प्रत्येक बिटाला फ्लिप-फ्लॉपची वेगळी जोडी लावून भागत नाही. सातावरून आठावर जाताना बायनरीत ०१११ चे १००० होतात, चारही बिट बदलतात. काही या ठोक्याला पोचले, काही पुढच्या, तर मधेच भलताच आकडा वाचला जातो. म्हणून काउंटरला ग्रे कोड, त्यात एका वेळी एकच बिट बदलतं.

राजारामपुरी: घालते. वाक्य असं केलंय: “बिनठेक्याचा सिग्नल क्लॉकच्या ठोक्याजवळ बदलला, तर फ्लिप-फ्लॉप तळ्यात-मळ्यात अडकतो.”

शिरोली एमआयडीसी: ‘अडकतो’ नको ताई, ‘अडकू शकतो’ करा. दरवेळी अडकला असता तर मला पहिल्याच दिवशी सापडला असता.