डोळ्याचं ऑपरेशन, मैत्रीण आणि शाडूचा गोळा. तुमचेही अनुभव लिहा

कृष्णाकाठची
काल मारुती रोडवर शाडूच्या पिशव्या दिसल्या आणि सहा वर्षांपूर्वीचा श्रावण आठवून तिथंच उभी राहिले. माझा नंबर वजा नऊ. आधी डाव्या डोळ्यासमोर काळे ठिपके, मग रात्री कडेला वीज चमकल्यासारखं, मला वाटलं पित्त असेल, आणि तिसऱ्या दिवशी खालून काळा पडदा वर चढायला लागला. रेटिना, म्हणजे डोळ्याच्या आतला मागचा पडदा, सुटली होती. मिरजेत लगेच ऑपरेशन, आत गॅसचा फुगा, आणि आठ दिवस पालथं झोपायचं. जेवताना, चालताना मान खालीच. फुगा वरच्या बाजूला जातो ना, मान खाली असली की तो मागच्या पडद्याला दाबून धरतो. कळतं सगळं, पण पाठ भरून येते आणि दिवसभर माणसांचे नुसते पाय दिसतात.

चौथ्या दिवशी गावभागातली माझी शाळेची मैत्रीण आली. काही न बोलता पलंगाखाली फरशीवर उताणी झोपली, तोंड बरोबर माझ्या तोंडाखाली, आणि म्हणाली, "हं, आता बोल." चार दिवसांत पहिल्यांदा कुणाचा तरी चेहरा नीट बघितला मी. आत्ता लिहितानाही घसा दाटतोय.

दुसऱ्या दिवशी ती शाडू घेऊन आली. "बघू नकोस, बोटांनी कर." मी मान खाली घालून अंगठ्याएवढे सात गणपती केले. सोंड कुठं वळली ते तीच सांगायची. फुगा विरायला लागल्यावर वरून स्वच्छ दिसायचं आणि खाली ग्लासातलं पाणी हलावं तशी रेघ हलायची. रोज सकाळी ती रेघ कुठवर उतरली ते पोस्टकार्डावर जलरंगात काढून तिला पाठवायचे. सोळाव्या दिवशी तळाशी मोहरीएवढा गोळा उरला, सतराव्याला तोही नाही. कार्डं अजून तिच्याकडेच आहेत, मागितली तरी देत नाही.

तासगावची सून
अगं माती?? ऑपरेशननंतर? आमच्या सासूबाईंना डॉक्टरांनी फोडणीच्या धुरापाशीसुद्धा फिरकू दिलं नव्हतं, डोक्यावरून अंघोळ पण बंद

कृष्णाकाठची
डॉक्टरांना विचारूनच ताई. माती ओली, सुकली की मैत्रीण लगेच उचलायची, डोळ्यावर जाळीची वाटी होतीच. ड्रॉप हे घालायचे, साबणानं हात धुवून. काळजी बरोबर आहे तुमची.

मिरजवाला
हातात पट्टा बांधला होता का? माझ्या होता, गॅस आहे म्हणून. मेव्हण्याचं लग्न महाबळेश्वरला, साडेचार हजार फूट उंच, डॉक्टर म्हणाले घाट चढायचा नाही, विमान तर नाहीच. वर हवेचा दाब कमी, गॅस फुगतो, डोळ्यातलं प्रेशर वाढतं. सगळं घर लग्नाला गेलं, मी एकटा. आमचा सतारमेकर गल्लीतला दोस्त तीन दिवस माझ्याकडं मुक्कामाला. बाहेर सोप्यात बसून सतारीची जवारी काढायचा, म्हणजे तारांखालची घोडी घासून आवाज खुलवायचा, आणि आतून मी सांगायचो, अजून बंद वाटतंय, आता खुलली, आता थांब. आयुष्यात एवढं लक्ष देऊन मी काही ऐकलं नव्हतं

पोवईनाका
आमच्या बाबांचं मोतीबिंदूचं. चाळीस वर्षं बोर्ड रंगवले त्यांनी साताऱ्यात. एका डोळ्याचं झालं आणि पट्टी निघाल्यावर आलटून पालटून डोळे झाकून भिंत बघत बसले, एका डोळ्यानं पांढरी, दुसऱ्यानं चहाचं पाणी शिंपडल्यासारखी. मग जुने बोर्ड बघायचेत म्हणाले. त्यांचे मित्र पण पेंटरच, काका स्कूटरवर मागं बसवून राजवाड्यापर्यंत हळूहळू घेऊन गेले, काळा चष्मा लावून. एका दुकानापाशी बाबा म्हणाले हा निळा मी एवढा भडक लावला? काका म्हणाले मी तेव्हाच सांगितलं होतं, तू ऐकलं नाहीस. दोघं रस्त्यातच हसत सुटले. मोने या फ्रेंच चित्रकाराचंही तेच झालं होतं, मोतीबिंदू पिकला तशी चित्रं तांबूस होत गेली, १९२३ मध्ये ऑपरेशन झाल्यावर निळा परत दिसायला लागला. बाबांना वाचून दाखवलं तर म्हणाले, त्याला मित्र होता का स्कूटरवाला?

बाबा गेले मागच्या वर्षी. काका अजून येतात रविवारी.

वाईची मावशी
पोवईनाका, डोळे भरून आले रे. काकांना माझा नमस्कार सांग.

तासगावची सून
हो ना. बरं विषय निघालाय तर, दुसऱ्या डोळ्याचं किती दिवसांनी करतात? सासूबाई मागं लागल्यात

पोवईनाका
बाबांचं महिन्यानं केलं, पण पहिला डोळा तपासून डॉक्टरच सांगतील. ड्रॉप तोवर बंद करू नका, बाबांचे हळूहळू कमी करत आणले होते.

वाईची मावशी
आम्ही पाच जणी दर महिन्याला मेणवलीच्या घाटावर चित्रं काढायला बसतो. मागच्या वर्षी माझं ऑपरेशन झालं तेव्हा घाटाच्या पायऱ्या उतरायला मला भीती, खोलीचा अंदाजच येईना. दोघींनी दोन हात धरले, तिसरीनं छत्री. पाणी कुठल्या रंगाचं दिसतंय ते मी सांगायचं आणि बाकीच्यांनी लावायचं, असं एक चित्र पाच जणींनी मिळून केलं. सध्या ते माझ्या स्वयंपाकघरात आहे, पुढच्या महिन्यात दुसरीकडं जाणार. कृष्णाकाठची, तू ये ना मैत्रिणीला घेऊन.

कृष्णाकाठची
येते! कार्डं पण आणायला लावते तिला. कुकर झाला, नंतर लिहिते

मिरजवाला
मावशी आम्ही पण येऊ का, सतार आणतो. आता घाट चढायची परवानगी आहे

वाईची मावशी
या की. येताना सांगलीचं भडंग आणा, जास्त लसणाचं.